वाचणाऱ्याने कंससुद्धा वाचावेत

मु. खोदरीपाडा, मांडूच्या खाली,
नर्मदेच्या उत्तर तटाचे डोंगर, जि. धार
(पिनकोडही आहे, पण तो पोस्टमनला अजून पटलेला नाही)
जूनचा तिसरा मंगळवार

तीर्थस्वरूप रुक्मिणीआत्यांच्या चरणी धाकट्या भावाच्या मुलाचा, म्हणजे भास्करचा, साष्टांग नमस्कार.

तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन निर्विघ्न पार पडल्याचे शुभंकरच्या मेसेजवरून कळले. (मेसेज चार दिवसांनी कळला. इथे नेटवर्क फक्त शाळेमागच्या टेकाडावर येते, तेही पश्चिमेला तोंड करून हात वर धरला तर. लांबून बघणाऱ्याला वाटते, मास्तर सूर्याला अर्घ्य देतोय.) काळा चष्मा लावावा, थेंब वेळेवर घालावेत, खाली वाकू नये आणि तीन आठवडे एक अक्षर वाचू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे म्हणे. तुम्हांला वाचायची बंदी! त्यावर तुम्ही त्यांना काय काय ऐकवले असेल, या विचाराने मला त्या डॉक्टरांचीच काळजी वाटते आहे. तेव्हा हे पत्र कोणीतरी तुम्हांला वाचून दाखवणार. तुमच्या नातवाने, शुभंकरने, हट्ट धरला तर त्याला चार ओळी वाचू द्याव्यात. पोरगा गुणी आहे, इंग्रजी फाडफाड बोलतो, पण हाताने लिहिलेले मराठी दिसले की त्याला कढत चहा प्यायल्यासारखे होते. पाचव्या ओळीला तो ‘दादी, ये आप ही देख लो’ म्हणेल आणि मग त्याला आठवेल की दादीला बघायचीच बंदी आहे. तेव्हा ज्याने पत्र आणले, त्याच्याच हाती ते द्यावे. वाचणाऱ्यास एवढीच सूचना: सावकाश वाचावे, आत्या मध्येच ‘हं, पुढे?’ म्हणाल्या तर घाबरू नये, त्या रागावलेल्या नसतात, त्यांचा आवाजच तसा आहे, आणि कंससुद्धा वाचावेत. खरे ते मी कंसातच लिहितो.

आता रीतीप्रमाणे इकडील खुशाली लिहायची. पण आत्या, ‘इकडे सर्व क्षेम’ हे वाक्य मी गेल्या चैत्रापासून लिहायचे सोडले आहे, आणि त्याला कारण तुम्ही आहात. (हे मी तुमच्या देवासपासून इतक्या लांब बसून लिहितो आहे म्हणून धीर होतो.) मी सात वर्षांचा असताना तुम्ही मला पाटीवर पत्राची रीत शिकवलीत. आधी नमस्कार, मग आपण कुशल असल्याचे, मग समोरच्याची चौकशी, आणि काम असेलच तर ते अगदी शेवटी, चप्पल पायात घालता घालता सांगितल्यासारखे. आल्या आल्या काम सांगतो तो भिकारी, असे तुमचे म्हणणे. आपल्या घराण्यात चार पिढ्या संस्थानची दप्तरदारी झाली, तेव्हा हे रक्तातलेच म्हणायचे. खापरपणजोबांनी कचेरीचे छप्पर गळते हे दरबारला कळवायला अकरा बंद लिहिले, पैकी दहा बंदांत महाराजांच्या प्रतापाचे वर्णन होते, आणि अकरावा बंद लिहीपर्यंत छप्पर खाली आले, ही कथा तुम्हीच अभिमानाने सांगता. तर त्याच खापरपणजोबांचा हा पणतूचा पोरगा. त्याने काय दिवे लावले ते ऐका.

सगळे सुरू झाले थावरीवरून. थावरी म्हणजे माझ्या शाळेतली पाचवी पास झालेली मुलगी. (आमची शाळा म्हणजे एक खोली, पाच इयत्ता, चौतीस मुले आणि मी. घंटा वाजवणारा मीच आणि घंटा झाली म्हणून उठणाराही मीच.) इकडे शनिवारला थावर म्हणतात, शनिवारी जन्मली म्हणून थावरी. वार पक्का माहीत, तारीख कोणालाच नाही. त्याचे असे झाले, की तिच्या आईला, रुमालीला, कळा सुरू झाल्या तेव्हा नेहमीसारखे चौघांनी बांबूला धोतर बांधून झोळी केली आणि तिला घेऊन घाट चढायला लागले, कारण गाडीरस्ता वर आहे आणि दवाखाना त्याच्याही पुढे. अर्ध्या घाटात एक जुने मोहाचे झाड आहे. थावरी तिथेच आली. मंडळी म्हणाली, आता वर कशाला जायचे, आणि माघारी फिरली. झाले! दवाखान्याच्या रजिस्टरात ‘बाई आलीच नाही’ आणि गावाच्या रजिस्टरात ‘बाई दवाखान्यात गेली’. दोन्ही नोंदी अगदी खऱ्या. मधल्यामधे पोरगी तेवढी जन्मायची राहिली. आज ती अकरा वर्षांची आहे, पाचवीत पहिली आली आहे (पाचवीत सहाच मुले होती, हे तुम्ही विचारण्याआधीच सांगतो), आणि सरकारदरबारी तिचा जन्म अजून व्हायचा आहे.

आता सहावीची शाळा इथून अकरा किलोमीटर, घाट चढून. रोज जाणे-येणे बकरीलासुद्धा झेपणार नाही. वसतिगृह आहे, पण तिथे जन्माचा दाखला लागतो. मी दोनदा गेलो. तिथल्या बाबूजींनी मला पोहे खाऊ घातले, चहा पाजला आणि सांगितले, ‘भिया, बच्ची तो ठीक है, पन कागज पे तो है ही नी.’ माणूस चांगला होता. चांगल्या माणसांशी भांडता येत नाही, तीच तर पंचाईत. सहावीत बसली नाही तर दसऱ्याच्या पुढे थावरी आईबापाबरोबर गुजरातेत कापूस वेचायला जाईल. मागल्या वर्षीची माझी पहिली आलेली मुलगी तशीच गेली. होळीला परत आली तेव्हा तिने मला ओळख दाखवली नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटले, आत्या, ते मी तुम्हांला लिहिले नव्हते. (हे सगळे फक्त माहितीसाठी. मागणे काही नाही.)

थावरीविषयी आणखी एक सांगायचे राहिले. शाळेत पुस्तकांची एकच पेटी आहे आणि ती तिने तिसरीतच संपवली. पुढे काय वाचायचे म्हणून भुणभुण लावली, तेव्हा मी तिला तुमची पत्रे दिली. होय, तुमचीच. सात वर्षांतली पत्रे, सुतळीने बांधलेली. लिपी ओळखीची, पण भाषा परकी. घरी भिली, शाळेत हिंदी, आणि त्यावर तुमचे हे जुन्या वळणाचे मराठी. पहिले महिनाभर ती एकेका शब्दाला मला धरून बसवायची. मग आपणच वाचायला लागली. एकदा विचारते, ‘सर, तुमच्या आत्या नेहमी चिडलेल्या असतात का?’ मी म्हटले, नाही, फक्त पत्र लिहिताना. तुम्ही पत्रात मला ‘नंदीबैल’ म्हटले आहे, तेही तिने वर्गात मोठ्याने वाचले. (वाचणाऱ्याने इथे हसू नये.)

तर या सगळ्याला वैतागून मी अर्ज केला. शाळेशेजारी गुलाबी रंगाची एक इमारत आहे, तिच्यावर उपआरोग्य केंद्र असे लिहिलेले आहे आणि तिला मी आल्यापासून कुलूप आहे. नर्सबाईंची नेमणूक झालेली आहे, फक्त बाई आलेल्या नाहीत. ही इमारत उघडावी, नर्स द्यावी, बाळांच्या जन्माची नोंद गावातच व्हावी, थावरीसारख्या आधीच जन्मलेल्यांना जन्माचा दाखला मिळावा आणि आमच्या शाळेला सहावी जोडावी, एवढेच मागितले. चार पाने लिहिली, आणि हिंदीत असली तरी रीत तुमचीच. सुरुवातीला साहेबांना वंदन केले, मग लिहिले, ‘आपकी कृपा से हमारे ग्राम में सब कुशल-मंगल है.’ मग त्यांच्या आरोग्याची चौकशी केली. मग दीड पान मांडूच्या हवेचे वर्णन. काम चौथ्या पानावर, खालून सहाव्या ओळीत. पत्र इतके देखणे झाले होते की मी ते थावरीला दोनदा वाचून दाखवले. ती म्हणाली, सर, यात आपलं काम कुठाय? मी म्हटले, तुला नाही कळायचे, याला घराणे लागते.

वरच्या कचेरीत तो अर्ज ज्याने वाचला, त्याने पहिली तीन वाक्ये वाचली. बिचाऱ्यासमोर शेकडो अर्ज, सगळ्यांत रडारड, आणि मधेच एक माणूस लिहितो की आमच्याकडे सगळे कुशल आहे! त्याला भरून आले असेल. आठ दिवसांनी मला टेकाडावर मेसेज आला, की तुमच्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले असून आपण संतुष्ट असल्याची नोंद घेण्यात आली आहे. आणि गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी मी नशीब म्हटले असते. पण संतुष्ट तक्रारदार कचेरीला फार वर्षांत मिळाला नव्हता. त्यांनी गावाचा सत्कार ठरवला.

सत्काराला उमाशंकरजी नावाचे साहेब आले. जीप वर सोडून, बूट हातात घेऊन, घाट उतरत आले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. रुमालीने पानांत गुंडाळून मक्याचे पानिये भाजले, उडदाची डाळ केली, साहेब पोटभर जेवले. मी (नंदीबैलच तो!) पुन्हा रीतीला लागलो. आधी हार, मग शाल, मग आभार, आणि मुद्दा म्हणून काढतो तेवढ्यात साहेबांना आरोग्य केंद्रासमोर फोटो काढायची इच्छा झाली. आतला काढू म्हणाले. किल्ली कोणाकडेच नव्हती, कुलूप दगडाने तोडले. आत बाळाचे वजन करायचा एक काटा होता, बाळंतपणाचे एक टेबल होते आणि टेबलाच्या वर, छताला, सात वर्षांत कोणी हात न लावलेले आग्या मोहोळ होते. साहेबांनी उजेडासाठी खिडकी ढकलली.

पुढचे वर्णन करण्यात मजा येते आहे, ते बरोबर नाही, पण येते आहे. साहेब शाल डोक्यावर घेऊन जे सुटले ते थेट ओढ्यापर्यंत. तिथे पाय मुरगळला. तोंड सुजून भोपळा, दोन्ही डोळे बंद, आणि आरोग्य केंद्रापासून अवघ्या पन्नास पावलांवर पडून ते विचारतात, ‘यहाँ कोई दवाखाना नहीं है क्या?’ सगळे त्या गुलाबी भिंतीकडे बघत राहिले. रुमालीने नांग्या काढल्या, कांदा चोळला. मग चौघांनी बांबू आणला, धोतर बांधले. (बांबू तोच, हे थावरीच्या बापाने मला नंतर सांगितले. लेकीच्या वेळचा. घरात जपून ठेवलाय.) साहेब झोळीत, आणि वरात निघाली घाट चढायला. दर वळणाला ते विचारायचे, ‘और कितना है?’ आणि माणसे म्हणायची, ‘बस साब, ये आयो.’ अडलेल्या बायांनाही इथे हेच सांगतात. अडीच तास ‘ये आयो’ चालले होते.

मोहाच्या झाडाखाली विसावा घेतला. साहेबांच्या खिशात एक कागद होता, त्यावर गाडीवाल्याचा आणि डॉक्टरांचा नंबर. पण साहेबांचे डोळे बंद, वाहणाऱ्या चौघांना अक्षरओळख नाही, आणि मी धापा टाकत दोन वळणे मागे. (पंचेचाळिशीनंतर डाळ-पानिये खाऊन घाट चढू नये.) कागद वाचला तो थावरीने. नंबर वाचले, साहेबांच्याच फोनवरून लावले (तेवढ्या उंचीवर नेटवर्क येते), आणि मग विसाव्यात वेळ जावा म्हणून साहेबांनी बरोबरची फाइलही वाचायला सांगितली, तीही वाचून दाखवली. त्या फाइलमध्ये वर माझा अर्ज होता. ती चौथ्या पानापर्यंत आली, शेवटी स्वतःच्या नावापर्यंत आली, तेवढ्यात मी पोचलो. साहेब सुजल्या तोंडाने म्हणाले, ‘बच्ची होशियार है, कौन-सी में है?’ ती म्हणाली, ‘पाँचवीं हो गई साब. आगे है ही नी.’ त्यावर साहेब कळवळून म्हणाले, ‘अरे, आगे तो पढ़ना चाहिए!’ खरेच कळवळून म्हणाले. जिथे ती जन्मली त्याच झाडाखाली.

मला वाटले, चला, देव पावला. माणूस स्वतः झोळीत बसून गेला, आता तरी कळेल. महिन्याभराने अहवालाची प्रत आली. त्यात लिहिले आहे, की ग्रामस्थांची रुग्ण वाहून नेण्याची व्यवस्था अत्यंत तत्पर असून साहेबांनी तिचा स्वतः अनुभव घेतला आहे, सबब रस्ता व रुग्णवाहिका यांची तूर्त निकड नाही. आरोग्य केंद्राची इमारत मधमाशीपालनास अनुकूल आहे. आणि प्रोत्साहन म्हणून गावाला एक झोळी मंजूर झाली आहे. आलीसुद्धा, निळ्या कॅनव्हासची, शिक्क्यासकट. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, ते म्हणतात ना, तसे आमच्या हाती हे आले. सहावीचा उल्लेख नाही. दाखल्याचा नाही. माझा राग कशावर आहे सांगू? त्या साहेबांवर नाही. माझ्या त्या सुंदर चार पानांवर आहे. पोरीने विचारले होते, यात आपलं काम कुठाय, आणि मी तिला घराणे सांगत बसलो.

असो. बाकी इकडे सगळे... नाही, ते वाक्य मी लिहिणार नाही. तुमची तब्येत जपा. थेंब घालताना मान मागे टाकून पडून राहावे. शुभंकरला आशीर्वाद. मागणे काही नाही, हे पुन्हा लिहितो.

तुमचा,
भास्कर

ता. क. – सोबतच्या पिशवीत मांडूच्या चिंचेची, म्हणजे गोरखचिंचेची, दोन फळे आहेत, ती नारळाएवढाली असतात तशी. फोडायला शुभंकरला द्यावीत, तुम्ही वाकू नये.

ता. क. २ – वर ‘मागणे काही नाही’ असे दोनदा लिहिले आहे, ते कंसात असो वा कंसाबाहेर, खोटे आहे. रीतीप्रमाणे काम शेवटी लिहितो.

तुम्ही मुख्याध्यापिका असताना दाखल्याशिवाय कोणी मूल आणले, की बाकीचे गुरुजी कागद मागायचे. तुम्ही टेबलावरचे हाताला येईल ते पत्र उचलून मुलापुढे धरायच्यात आणि म्हणायच्यात, वाच. वाचले की रजिस्टर उघडायचे. कागद मागाहून येतो, पोर मागाहून येत नाही, हे तुमचेच शब्द. बाबा गेले तेव्हा मीही तसाच, एका पिशवीनिशी, तुमच्या दारात आलो होतो. मी तर तिसऱ्या ओळीला रडलो होतो, तरी तुम्ही मला घेतलेत. मागच्या खोलीत माझी खाट अजून आहे, हे शुभंकरने सांगितले. आणि आजही तुमच्या शब्दाशिवाय त्या शाळेत घंटा होत नाही, हे सगळ्या देवासला ठाऊक आहे.

आत्या, गेला पाऊण तास तुम्हांला हे पत्र जी वाचून दाखवते आहे, तीच थावरी.

(थावरी, थांबू नकोस. वाच.)

पाकीट मी डिंकाने चिकटवून तिच्या हाती दिले, तेव्हा आत काय आहे हे तिला ठाऊक नव्हते, पाठ करून आलेली नाही. अर्जात काम तळाशी घातले तसेच इथेही घातले, पण या वेळी शेवटपर्यंत वाचणारे माणूस बरोबर पाठवले आहे. मी स्वतः आलो असतो, पण मी आलो की शाळा बंद. आणि खरे म्हणजे तुमच्यासमोर अजूनही माझे तोंड उघडत नाही. किती ठिकाणी अडखळली ते तुम्ही बोटांवर मोजलेच असेल. निकाल तुम्ही सांगायचा.

ता. क. ३ – रुमाली बाहेर पायरीवर बसलेली असेल. कोणी सांगितल्याशिवाय ती आत येणार नाही आणि पाणीही मागणार नाही. तिची परतीची बस चारला आहे. तिने एक तिकीट काढायचे की दोन, एवढेच तिला सांगा.